विश्लेषण : पुस्तकबांधणीच्या दुकानात शास्त्रज्ञ कसा घडला? मायकल फॅरेडे यांच्या उमेदवारीची सात वर्षे

घरातला पंखा, विहिरीवरचा पंप आणि वीजकेंद्रातले जनित्र या तिन्हींच्या मुळाशी मायकल फॅरेडे यांचे प्रयोग आहेत. त्यांनी कधी महाविद्यालयाची पायरी चढली नाही. त्यांच्याकडे एकच रीतसर प्रशिक्षण होते, ते पुस्तकबांधणीचे. लंडनमधल्या एका बाइंडरच्या हाताखाली त्यांनी सात वर्षे उमेदवारी केली. त्या दुकानात नेमके काय घडले आणि शिकाऊ मुलाला मालकाने दिलेली साथ किती दूरवर पोहोचू शकते, याचा हा आढावा.

फॅरेडे उमेदवारीकडे कसे वळले?

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनलगतच्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स लोहार होते, पण प्रकृती साथ देत नसल्याने त्यांचे काम वरचेवर बंद पडे. १८०१ मध्ये धान्य महागले, तेव्हा लहानग्या मायकलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येत असे आणि तो सात दिवस पुरवावा लागे. शिक्षण लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब इतकेच झाले. १८०४ मध्ये, तेराव्या वर्षी, तो जॉर्ज रीबो या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला. त्या काळी वर्तमानपत्र महाग असल्यामुळे ते भाड्याने वाचायला दिले जाई. अंक घरोघरी पोहोचवायचा आणि वाचून झाला की परत आणायचा, हे त्याचे काम होते.

उमेदवारीचा करार कसा होता?

इंग्लंडमध्ये कारागिरी शिकण्यासाठी सहसा सात वर्षांचा लेखी करार होई. शिकवण्याबद्दल मुलाच्या घरच्यांनी मालकाला ठरावीक रक्कम द्यायची, अशी पद्धत होती. गरीब घरातल्या मुलांसाठी चांगल्या हुन्नराचे दार इथेच बंद होई. वर्षभर मायकलचे काम पाहिल्यावर रीबो यांनी ७ ऑक्टोबर १८०५ रोजी करार केला आणि मुलाची चोख सेवा लक्षात घेऊन ही रक्कम माफ केली. ही माफी मिळाली नसती, तर एका लोहाराच्या मुलाला हे काम शिकणे अवघड गेले असते.

रीबो यांनी वेगळे काय केले?

फर्मे शिवणे, पुठ्ठा चढवणे, कातडी बसवणे हे काम तर त्यांनी शिकवलेच. त्याशिवाय बांधणीला आलेली पुस्तके वाचायलाही मुलाला मोकळीक दिली. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’मधला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्राचे सोपे पुस्तक त्याच्या हाती पडले, ते असे. वाचलेले पडताळण्यासाठी त्याने फावल्या वेळात छोटे प्रयोग सुरू केले आणि घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्रही बनवले. मालकाने त्याला अडवले नाही.

१८१० पासून तो जॉन टेटम यांच्या विज्ञानविषयक व्याख्यानांना जाऊ लागला. एका व्याख्यानाची फी एक शिलिंग होती. ती वडिलांसारखाच लोहारकाम करणारा थोरला भाऊ रॉबर्ट भरत असे. त्याच वर्षी वडील वारले. मायकलने या व्याख्यानांची टिपणे नीट लिहून काढली आणि स्वतःच बांधली. रीबो यांनी ती दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवली. डान्स नावाच्या एका गिऱ्हाइकाकडून मायकलला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांचा प्रवेश मिळाला. १८१२ च्या वसंतात त्याने चार व्याख्याने ऐकली.

मग प्रयोगशाळेत प्रवेश कसा मिळाला?

ऑक्टोबर १८१२ मध्ये उमेदवारी संपली आणि फॅरेडे पगारी कारागीर म्हणून दुसऱ्या बाइंडरकडे लागले. हा मालक तापट होता आणि अभ्यासाला वेळ उरत नव्हता. डिसेंबरमध्ये त्यांनी डेव्ही यांना पत्र लिहिले. सोबत त्यांच्याच व्याख्यानांची सुबक बांधलेली टिपणे पाठवली. बाइंडरचे कसब हीच त्यांची शिफारस ठरली. डेव्ही यांनी भेट दिली, पण विज्ञानात पैसा नाही, तेव्हा हातातला धंदा सोडू नकोस, असा सल्लाही दिला. काही आठवड्यांतच प्रयोगशाळेतल्या मदतनीसाला भांडणावरून काढून टाकण्यात आले. १ मार्च १८१३ रोजी फॅरेडे यांची तिथे नेमणूक झाली. पगार आठवड्याला २५ शिलिंग आणि राहायला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या.

डेव्ही चांगले गुरू होते का?

याचे उत्तर सरळ नाही. डेव्ही यांनी त्यांना प्रयोगाची शिस्त दिली आणि १८१३ ते १८१५ या काळात युरोपभर नेऊन मोठमोठ्या शास्त्रज्ञांची ओळख करून दिली. मात्र त्याच प्रवासात फॅरेडे यांना खासगी नोकराची कामेही करावी लागली आणि डेव्ही यांच्या पत्नी त्यांना नोकरासारखेच वागवत. १८२१ मध्ये फॅरेडे यांनी विद्युतप्रवाहाने तार सतत फिरवून दाखवली. विद्युत मोटारीमागचे तत्त्व ते हेच. त्यानंतर या कल्पनेच्या श्रेयावरून वाद झाला. रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी फॅरेडे यांचे नाव पुढे आले, तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष असलेल्या डेव्ही यांनीच विरोध केला. तरीही जानेवारी १८२४ मध्ये फॅरेडे निवडून आले. शिष्य धंदा सोडून पुढे जातो याचा रीबो यांना अभिमान वाटला; तोच शिष्य आपल्याच क्षेत्रात बरोबरीला येतो हे डेव्ही यांना जड गेले.

बाइंडरचे कसब पुढे उपयोगी पडले का?

पडले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरेडे यांनी लोखंडी कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली. तारांचे वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये दोरा आणि कापड घातले. एका वेटोळ्यातला प्रवाह सुरू किंवा बंद करताच दुसऱ्यात क्षणभर वीज वाहिली. ट्रान्सफॉर्मरचे हे मूळ रूप. त्याच वर्षी त्यांनी चुंबकाजवळ तांब्याची तबकडी फिरवून सलग वीज मिळवली आणि जनित्राचा पाया घातला. १८३२ पासून त्यांनी प्रयोगवहीतल्या नोंदींना क्रमांक दिले. ते १६ हजारांच्या पुढे गेले.

त्यांनी स्वतः शिष्य घडवले का?

प्रयोगशाळेत त्यांनी शिष्यपरंपरा उभी केली नाही. चार्ल्स अँडरसन हा माजी सैनिक अनेक वर्षे त्यांचा मदतनीस होता, पण संशोधन ते एकट्यानेच करत. त्यांनी दार उघडले ते वेगळ्या मार्गाने. १८२६ पासून रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारची व्याख्याने सुरू झाली. मुलांसाठी नाताळच्या व्याख्यानांच्या १९ मालिका त्यांनी स्वतः घेतल्या. एकेकाळी शिलिंगासाठी भावावर विसंबणारा मुलगा आता शेकडो मुलांपुढे मेणबत्ती कशी जळते ते सांगत होता. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

आज या कथेचे महत्त्व काय?

भारतात शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ पासून कायदा आहे. त्यानुसार कारखान्यांना उमेदवार घ्यावे लागतात आणि विद्यावेतन द्यावे लागते. कायदा जागा आणि पैसे मिळवून देतो. फावल्या वेळात मुलाला पुस्तक उघडू द्यायचे की झाडू हाती द्यायचा, हे मात्र त्याच्या वरचा माणूसच ठरवतो. रीबो यांनी दिलेल्या गोष्टी फारशा खर्चिक नव्हत्या : माफ केलेली रक्कम, थोडा मोकळा वेळ, प्रयोगाची मुभा आणि गिऱ्हाइकापुढे केलेले कौतुक. शिवाय, मुलाला आपल्याच धंद्यात अडकवून ठेवण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही.