वांडा लँडोव्स्का : हार्पसिकॉर्डला रेकॉर्डवर आणणारी बाई

ऑडिओ कोडेकची परीक्षा घ्यायला इंजिनिअर मंडळी काही ठरावीक आवाज वापरतात. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची एक जुनी चाचणी सीडी आहे. तिच्यावर माणसांचं बोलणं आहे, कॅस्टनेट्स आहेत आणि हार्पसिकॉर्डही आहे. हे वाद्य एमपी३ला जाम छळतं. का, ते पुढे सांगतो. मी कोडेकबद्दल वाचता वाचता या वाद्याच्या मागे लागलो आणि पोचलो वांडा लँडोव्स्का यांच्यापर्यंत.

आधी वाद्य समजून घेऊ. हार्पसिकॉर्ड दिसतं पियानोसारखं, पण पियानोत पट्टी दाबली की लोकर गुंडाळलेला हातोडा तारेवर आपटतो. हार्पसिकॉर्डमध्ये पक्ष्याच्या पिसापासून कापलेलं बारीक टोक तार छेडतं. सतारीवर मिजराब चालते ना, तसंच, फक्त मधे एक यंत्रणा आहे. त्यामुळे पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. बाखच्या काळात हे वाद्य घरोघरीच्या दिवाणखान्यात, चार-पाच वादकांच्या छोट्या मैफलीत असायचं. मग पियानो आला आणि एकोणिसाव्या शतकात हे जवळपास अडगळीत गेलं. बाख वाजवायचा तर पियानोवर, हेच सगळ्यांनी गृहीत धरलं.

लँडोव्स्का ५ जुलै १८७९ला वॉर्सात, एका ज्यू घरात जन्मल्या. शिकल्या पियानोच. पुढे बर्लिनला रचनाशास्त्र, १९००मध्ये पॅरिस, तिथेच लोकसंगीताचे अभ्यासक हेन्री ल्यू यांच्याशी लग्न. १९०३मध्ये त्या पहिल्यांदा लोकांसमोर हार्पसिकॉर्ड वाजवायला बसल्या. चांगली चाललेली पियानिस्ट असं संग्रहालयातलं वाद्य का वाजवतेय, हे अनेकांना कळेना.

पण प्रश्न हार्डवेअरचा होता. चांगलं हार्पसिकॉर्ड आणायचं कुठून? लँडोव्स्का युरोपातल्या संग्रहालयांत फिरल्या, जुनी वाद्यं बघितली आणि पॅरिसच्या प्लेयेल कंपनीकडून स्वतःसाठी मोठं मॉडेल बनवून घेतलं. १९१२मध्ये ते तयार झालं. त्यात नेहमीच्या तारांबरोबर एक सप्तक खालच्या सुराच्या जाड तारा होत्या, आवाजाचा रंग बदलायला पायाखाली पेडल्स होती आणि पिसाऐवजी चामड्याची टोकं होती. पुढच्या प्लेयेल वाद्यांत पियानोसारखी लोखंडी चौकटही आली. थोडक्यात, इनपुट जुनं, पण बॉडी विसाव्या शतकातल्या पियानो कारखान्याची. आपल्या भाषेत हा इम्युलेटर झाला.

१९२३मध्ये त्या चार प्लेयेल घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेल्या आणि व्हिक्टर कंपनीसाठी त्यांची पहिली रेकॉर्डिंग झाली. तेव्हा रेकॉर्डिंगला मायक्रोफोन नव्हता. वादकासमोर एक भोंगा, त्याच्या टोकाला पातळ पडदा आणि पडद्याला जोडलेली सुई. ती थेट मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. ना वीज, ना अँप्लिफायर. या पद्धतीत साधारण २५०० हर्ट्झच्या वरचं फारसं काही उतरत नसे. हार्पसिकॉर्डची सगळी चमक तर वरच्या स्वरांशांत! म्हणजे जे वाद्य लोकांना ऐकवायचं, त्याचाच चेहरा कापला जायचा. १९२५नंतर मायक्रोफोन आला आणि ही अडचण बरीच कमी झाली.

त्याच सुमारास पॅरिसजवळच्या सें-ल्यू-ला-फोरे गावी त्यांनी जुन्या संगीताची शाळा काढली. घरात जुन्या वाद्यांचा मोठा संग्रह, हजारो पुस्तकं, बागेत छोटं सभागृह. शॉपँने मायोर्का बेटावर वापरलेला छोटा पियानोसुद्धा त्यांच्याकडे होता. मान्युएल दे फाया या स्पॅनिश संगीतकाराने त्यांच्यासाठी हार्पसिकॉर्ड आणि पाच वाद्यांची रचना केली. १९२६मध्ये बार्सिलोनाला ती पहिल्यांदा वाजली. अडगळीतल्या वाद्याला नवीन संगीत मिळू लागलं होतं.

१९३३मध्ये त्यांनी बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्स हार्पसिकॉर्डवर संपूर्ण रेकॉर्ड केल्या. असं आधी कोणी केलं नव्हतं. एक मूळ धून आणि तिची तीस रूपं. रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम साडेचार मिनिटं बसायची. संपादन नाही. एक स्वर चुकला की ती अख्खी बाजू पहिल्यापासून. आपण ‘अनडू’ दाबतो, तिथे नवं मेण लागायचं. असल्या रेकॉर्ड कोण घेणार, म्हणून एचएमव्हीने आधी वर्गणीदार गोळा करायची पद्धत काढली होती. या रेकॉर्डही तशाच निघाल्या. क्राउडफंडिंग हा शब्द नव्हता, एवढाच फरक.

मग युद्ध. १९४०च्या वसंतात त्या पॅरिसमध्ये स्कार्लात्तीच्या सोनाटा रेकॉर्ड करत होत्या. एका सोनाटात मधेच धप्प धप्प असे आवाज ऐकू येतात. त्या विमानविरोधी तोफा आहेत. बाई थांबल्या नाहीत, ती बाजू तशीच पूर्ण वाजवली. काही महिन्यांत जर्मन सैन्य आलं. ज्यू असल्यामुळे तिथे राहणं शक्यच नव्हतं. शिष्या दनीज रेस्तू यांच्यासोबत त्या दक्षिणेकडे पळाल्या. मागे राहिलेलं घर नाझींच्या संगीत-विभागाने सप्टेंबरमध्ये रिकामं केलं. वाद्यं, पुस्तकं, हस्तलिखितं पेट्यांत भरून जर्मनीला गेली. युद्धानंतर काही वाद्यं सापडली, पण बरंचसं कायमचं गेलं. कुठेही बॅकअप नसलेला डेटा होता तो.

लिस्बनहून निघालेलं त्यांचं जहाज न्यूयॉर्कला लागलं ७ डिसेंबर १९४१ला, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्याच दिवशी. वय ६२. अडीच महिन्यांत त्या न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये गोल्डबर्ग वाजवत होत्या. १९४५मध्ये तीच रचना पुन्हा रेकॉर्ड केली. १९४९ ते १९५४ या काळात बाखच्या वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियरच्या ४८ जोड्या पूर्ण केल्या. तोवर लाँग-प्ले रेकॉर्ड आली होती आणि साडेचार मिनिटांची कात्री सुटली होती. नंतरच्या भागासाठी रेकॉर्डिंगवाले त्यांच्या लेकव्हिलच्या घरी यंत्रं घेऊन येत. १६ ऑगस्ट १९५९ला तिथेच त्या गेल्या.

आता गंमत बघा. त्यांच्या रेकॉर्ड ऐकत मोठी झालेली पिढी म्हणू लागली, की हे वाद्य खरं नाही. बॉस्टनमध्ये हबर्ड आणि डाउड यांनी १९४९मध्ये कार्यशाळा काढली आणि पुढे सतराव्या-अठराव्या शतकातल्या वाद्यांच्या काटेकोर प्रती बनवू लागले. हलकं लाकूड, पातळ तारा. अशी हलकी पेटी जास्त मोकळी गुंजते. प्लेयेलची जड बांधणी उलट आवाज दाबते. लेओनहार्ट, हार्नोनकोर्ट यांनी मग अशाच जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर रेकॉर्डिंग केली आणि प्लेयेल मागे पडलं. वाद्याच्या बाबतीत ही पिढी बरोबर होती, असं मला वाटतं. पण लँडोव्स्कांची ताल धरण्याची पद्धत, दोन स्वरांमधला त्यांचा छोटासा थांबा, हे अजून कोणाच्या प्रतीत आलेलं नाही. जिथे जोर देता येत नाही, तिथे वेळ थोडा लांबवूनच जोर दाखवावा लागतो आणि ते त्यांना फार चांगलं जमायचं.

ऐकायचं असेल तर इअरफोन लावा आणि ऑडिओ क्वालिटी सर्वांत वरच्या सेटिंगला ठेवा. तार छेडली की आवाज एकदम शून्यातून वर येतो. एमपी३ मात्र आवाजाचे छोटे तुकडे करून दाबतो, त्यामुळे दाबण्यातली खरखर त्या तुकड्यात मागे, म्हणजे स्वराच्या आधी पसरते. कमी बिटरेटला म्हणूनच स्वर सुरू होण्याआधीच हलकीशी ‘छप्’ येते. जुन्या रेकॉर्डची सुईची सरसर साफ केलेली आवृत्ती मिळाली तर शक्यतो टाळा. फिल्टर सरसरीबरोबर तारेचं टोकही खातो. १९४०ची ती सोनाटा डी मेजरमधली, क्रमांक के. ४९०. तोफा मधल्या भागात आहेत, आवाज थोडा वाढवावा लागतो.