यशवंतराव आणि कपाटातला अहवाल



१२ मार्च हा कै. यशवंतराव चव्हाण यांचा जन्मदिवस. इकडे वाढणाऱ्या आपल्या मुलांना ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री होते, एवढेच माहीत असते. म्हणून यावेळी आम्ही त्यांच्या दिल्लीतल्या एका अवघड कसोटीबद्दल लिहायचे ठरवले.

यशवंतरावांचा जन्म १९१३ साली देवराष्ट्रे (तेव्हाचा सातारा जिल्हा, आताचा सांगली) येथे झाला. वडील लवकर गेले. आई विठाईंनी कष्टाने मुलांना वाढवले. कराडचे टिळक हायस्कूल, कोल्हापूरचे राजाराम कॉलेज आणि पुण्यात वकिली असे शिक्षण झाले. मधे स्वातंत्र्यलढ्यातला तुरुंगवास होताच. १९४२ साली वेणूताईंशी लग्न झाले आणि त्याच वर्षी ते भूमिगत झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्राची धुरा त्यांच्याकडे आली.

१९६२ च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला. ७ नोव्हेंबरला संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि पंडित नेहरूंनी यशवंतरावांना बोलावले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असे तेव्हा घरोघरी म्हटले गेले. ते दिल्लीला पोचतात तोच चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. पराभवाचा हिशेब मात्र बाकी होता.

लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी लष्करातर्फे चौकशी केली. अहवाल आला आणि खासदार तो मागू लागले. यशवंतरावांपुढे पेच पडला. अहवाल उघड केला तर सीमेवरची आपली ठाणी, सैन्याची रचना, उणिवा सारे शत्रूच्या हाती जाणार. लपवला तर ज्या संसदेला मंत्र्याने जाब द्यायचा, तीच अंधारात राहणार. २ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांनी लोकसभेत निवेदन केले. अहवाल गुप्तच ठेवला, पण प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, नेतृत्वाची रचना, जवानांची तंदुरुस्ती आणि अधिकाऱ्यांची कुवत या मुद्द्यांवर काय चुकले याचा सारांश सभागृहासमोर मांडला. कोणा एकाला बळीचा बकरा केले नाही. पुढे सव्वाआठ लाख सैन्याची पंचवार्षिक संरक्षण योजना आली आणि १९६५ च्या युद्धात वेगळी फौज दिसली.

योगायोग बघा! त्याच १९६२ च्या ऑक्टोबरात इथे जर्मनीत सैन्याच्या तयारीतल्या उणिवा छापल्या म्हणून डेर श्पीगेल साप्ताहिकाच्या कार्यालयावर पोलीस गेले आणि संपादक आउगश्टाइन यांना तुरुंगात टाकले. मेनन यांना जावे लागले त्याच ७ नोव्हेंबरपासून तीन दिवस बुंडेस्टागमध्ये सरकारवर प्रश्नांची सरबत्ती झाली. संरक्षणमंत्री श्ट्राउस यांनी संसदेला खरे सांगितले नव्हते हे उघड झाले आणि त्यांना पद सोडावे लागले. १९७८ पासून इथे गुप्तचर खात्यांवर नजर ठेवायला निवडक खासदारांचे मंडळ कायद्याने आहे. ते बंद दाराआड कागद पाहते आणि बाहेर बोलत नाही.

आपल्या र्युसेल्सहाइममध्ये हे समजायला कठीण नाही. ओपेलची नवी गाडी बाजारात येण्याआधी नक्षीदार कागदात गुंडाळून रस्त्यावर फिरते. स्पर्धकांना ती दिसू नये हे ठीकच. पण म्हणून तपासणी करणाऱ्यालाही दाखवायची नाही, असे कोणी म्हणत नाही!

१९६३ साली यशवंतरावांनी गुप्तता राखली ते आम्हांला योग्यच वाटते, कारण तेव्हा धोका समोर उभा होता. पण २०१० आणि २०१४ साली, वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी संसदेत तेच उत्तर दिले. २०१४ साली त्यातला मोठा भाग पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी जगापुढे ठेवला, तरीही! विश्वासातल्या चार खासदारांना बंद खोलीत तो दाखवण्याची सोय असती, तर गुप्तताही राहिली असती आणि जाबही मिळाला असता.

यशवंतराव २५ नोव्हेंबर १९८४ रोजी गेले. त्यांचे कृष्णाकाठ हे आत्मचरित्र १९४६ पर्यंतच येऊन थांबते. पुढचे भाग लिहून झाले नाहीत. त्यामुळे त्या दिवसांत त्यांच्या मनात काय चालले होते, ते त्यांच्या लेखणीतून आपल्याला कधीच कळणार नाही. निदान तो अहवाल तरी आपल्या मुलांना वाचायला मिळो, एवढीच इच्छा.