फेअरबँक्सचा मास्तर आणि त्याचे विमान

पोटापाण्याच्या उद्योगासाठी मुलूख सोडून दूर जाऊन राहणे ही आपल्या घराण्यांना नवलाची गोष्ट नाही. कोणाचे खापरपणजे शिंद्यांच्या पागेबरोबर आले, कोणाचे होळकरांच्या दफ्तरात चिकटले, कोणाचे गायकवाडांच्या राज्यात शाळामास्तर झाले. आले तेव्हा प्रत्येकाच्या अंगी काही ना काही विद्या होती, आणि त्या विद्येला जागा देणारेही कोणीतरी होते. घरच्या हकीगती सांगताना ही दुसरी गोष्ट आपण बहुधा विसरतो. विद्या अंगी असणे वेगळे आणि तिला पहिली जागा मिळणे वेगळे. आज ज्या माणसाची हकीगत मी सांगणार आहे त्याच्यापाशी विद्या होती. पण ती चालवावी अशी जागा त्याच्या देशात जवळजवळ नव्हतीच. ती त्याने स्वतः घडविली, आणि घडविताना कोणाकोणाचे दार ठोठावले, हेच त्याच्या चरित्रातले मला सर्वांत मोलाचे वाटते.

त्याचे नाव कार्ल बेन आयल्सन. सारे जण त्याला बेन म्हणत. अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा प्रांतातील हॅटन नावाच्या लहानशा गावी २० जुलै १८९७ रोजी त्याचा जन्म झाला. घराणे मूळचे नॉर्वेचे. वडील ओल आयल्सन यांचे गावात दुकान होते. मुलाने शिकावे, चार लोकांत मान मिळेल असा पेशा धरावा, अशी वडिलांची इच्छा. आणि मुलाचे डोळे आकाशाकडे. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा बेन विद्यापीठात शिकत होता. शिक्षण अर्धवट टाकून तो लष्कराच्या विमानशाखेत गेला आणि विमान चालविण्यास शिकला. पण त्याची युरोपात रवानगी होण्यापूर्वीच नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध संपले.

आता त्याची अडचण पाहा. युद्धासाठी सरकारने हजारो तरुणांना उडावयास शिकविले, आणि युद्ध संपताच त्यांना घरी पाठविले. प्रवासी वाहून नेणाऱ्या विमानकंपन्या तेव्हा अमेरिकेत नावालाच होत्या. वैमानिकाला काम म्हणजे जत्रेत जाऊन कसरती करणे आणि चार पैसे घेऊन हौशी मंडळींना घिरट्या मारून आणणे. बेनने तेही केले. गावच्या मंडळींनी क्लब काढून एक जुने लष्करी विमान घेतले, त्यातून तो आसपासच्या मेळ्यांत उडत असे. पण यावर संसार उभा राहत नाही हे दुकानदाराच्या मुलाला सांगावे लागले नाही. त्याने १९२१ मध्ये पदवी पुरी केली आणि कायदा शिकण्यासाठी वॉशिंग्टन गाठले. खर्चासाठी तो तेथे संसदभवनात पहारेकऱ्याची नोकरी करी.

दैवाची गाठ येथे पडली. अलास्का तेव्हा अमेरिकेचे घटक राज्य झाले नव्हते. तो मान त्याला १९५९ साली मिळाला. पण त्या मुलखाचा एक प्रतिनिधी संसदेत बसे, त्याला मत नसे. या डॅन सदरलंड नावाच्या प्रतिनिधीची आणि बेनची ओळख झाली, आणि अलास्कात शिक्षक हवे आहेत असे त्याच्याकडून कळले. १९२२ मध्ये कायद्याची पुस्तके मिटून बेन फेअरबँक्सच्या हायस्कुलात मास्तर म्हणून रुजू झाला.

फेअरबँक्स म्हणजे सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी वसविलेले गाव. उत्तर ध्रुववृत्त तेथून सुमारे १२० मैलांवर. वस्ती हजार-बाराशे. हिवाळ्यात पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरतो, आणि त्या आकड्यावर फॅरनहाइट व सेल्सिअस ही दोन्ही मापे एक होतात. अलास्काचा मुलूख आपल्या महाराष्ट्राच्या साडेपाचपट, आणि १९२० सालच्या शिरगणतीत त्यात माणसे अवघी ५५ हजार. रस्ते थोडे. उन्हाळ्यात नदीतून होड्या चालत; हिवाळ्यात कुत्र्यांच्या घसरगाड्या. खाणीवर कोणी आजारी पडला, यंत्राचा एखादा भाग मोडला, तर मदत पोहोचण्यास दिवस नव्हे, आठवडे लागत.

वर्गात गणित आणि विज्ञान शिकविता शिकविता या मास्तराने हिशेब मांडला, की विमानाला या मुलखाइतकी दुसरी लायक जागा नाही. जेथे आगगाडी आणि मोटार आहे तेथे विमान ही चैन. जेथे काहीच नाही तेथे ती गरज. हिशेब बरोबर होता, पण ऐकणाऱ्यांना पटण्याजोगा नव्हता. दहा वर्षांपूर्वी, १९१३ च्या जुलैत, जेम्स मार्टिन आणि त्याची पत्नी लिली यांनी फेअरबँक्सला विमान आणून उडवून दाखविले होते. लोकांनी पाहिले, वाहवा केली. विमान विकावे असा मार्टिनचा विचार होता, पण गिऱ्हाईक मिळाले नाही आणि ते जसे आले तसे परत गेले. म्हणजे गावाने विमान पाहिले नव्हते असे नाही; विमानाचे करायचे काय हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

बेनने तेच सांगण्याचा उद्योग आरंभिला. तो गावच्या बँकेचे वुड यांच्याकडे गेला, ‘न्यूज-मायनर’ या स्थानिक दैनिकाचे संपादक थॉम्प्सन यांच्याकडे गेला, व्यापाऱ्यांकडे गेला. एकाजवळ भांडवल, दुसऱ्याजवळ शब्द. या मंडळींनी मिळून ‘फार्देस्ट नॉर्थ एअरप्लेन कंपनी’ उभी केली आणि लष्कराचे एक जुने ‘जेनी’ विमान विकत घेतले. १९२३ च्या जुलैच्या आरंभी ते खोक्यांत भरून गावी आले. जोडजाड करून बेनने ते उडविले, आणि ४ जुलैच्या राष्ट्रीय सणाला त्याची उड्डाणे पाहण्यासाठी लोक लोटले. पण खरे काम त्यानंतरचे: खाणींच्या वस्त्यांवर माणसे आणि सामान पोहोचविण्याचे.

या कामाला तिकडे बुश पायलटचा धंदा म्हणतात. बुश म्हणजे रान, झाडी, वस्तीपलीकडचा मुलूख. त्या धंद्यात विमानतळ नसतो. नदीकाठचा वाळूचा पट्टा, गोठलेले तळे, साफ केलेले माळरान, जे दिसेल तेथे उतरायचे. हिवाळ्यात चाके काढून पट्ट्या बसवायच्या. रात्री उतरले की इंजिनातले तेल गरम असतानाच काढून घ्यायचे, नाहीतर ते गोठून दगड होते. सकाळी शेगडीवर तापवून परत ओतायचे. ‘जेनी’चे इंजिन अवघे ९० अश्वशक्तीचे, बसायची जागा उघडी, आणि नकाशे असून नसल्यासारखे. बेन नद्यांच्या वळणांवरून वाट ओळखत असे.

पण गावच्या चार खेपांवर कंपनी चालत नाही. म्हणून त्याने सरकारच्या टपाल खात्याकडे अर्जांचा धोशा लावला, की हिवाळ्यात टपाल विमानाने न्या. शेवटी खात्याने फेअरबँक्स ते मॅक्ग्रा या वाटेवर दहा खेपांची परीक्षा घेण्याचे कबूल केले आणि ‘डी हॅव्हिलंड’ जातीचे मोठे विमान दिले. मोबदला मैलाला दोन डॉलर, कुत्र्यांच्या गाडीला मिळे त्याच्या निम्मा.

२१ फेब्रुवारी १९२४ रोजी बेन दीडशे पौंडांहून अधिक टपाल घेऊन निघाला. मॅक्ग्राचे अंतर सुमारे २८० मैल. कुत्र्यांच्या गाडीला त्या वाटेस अठरा-वीस दिवस लागत. तो तीन तासांच्या आत पोहोचला. परतताना अंधार पडला. गावकऱ्यांनी मैदानात शेकोट्या पेटविल्या होत्या, त्यांच्या उजेडाने तो खाली आला. उतरताना विमानाची मोडतोड झाली, पण बेन सुखरूप होता. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी अभिनंदनाचे पत्र पाठविले.

येथे मला माझ्या नात्यातील एका मुलाचे सांगितले पाहिजे. त्याने व्यावसायिक वैमानिकाचा परवाना काढला. आपल्याकडे त्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते, आणि त्याचा खर्च किती, हे ज्या बापाने तो केला त्यालाच ठाऊक. परवाना आला, नोकरी आली नाही. कंपन्यांना अनुभवी माणूस हवा, आणि अनुभव तर नोकरीवाचून येत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातला प्रकार. अमेरिकेतही हेच आहे. तेथे परवाना साधारण २५० तासांवर मिळतो, पण भाड्याने माणसे नेणाऱ्या छोट्या विमानाचा मुख्य वैमानिक होण्यास किमान ५०० तास लागतात. मधले अडीचशे तास कोठून आणायचे? कोणी शिकवणी करतो, कोणी सामान उचलण्यापासून आरंभ करतो, कोणी विमाने धुतो आणि मालकाच्या नजरेत राहतो. रानावनातल्या धंद्यात अर्ज पाठवून स्वस्थ बसणाऱ्याला सहसा काम मिळत नाही. जो तेथे जाऊन राहतो, त्याला मिळते.

बेन नेमका तेथे जाऊन राहिला होता. तो वैमानिक म्हणून गेला नाही, मास्तर म्हणून गेला. त्या गावाच्या थंडीत राहिला, त्यांच्या मुलांना शिकविले. म्हणून तो जेव्हा विमानाची गोष्ट घेऊन बँकेत गेला तेव्हा तो परका राहिला नव्हता. आपल्या संस्थानी शहरांतल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठविले, तेव्हा ती एका तरुणाच्या विद्येला दिलेली पहिली जागाच होती. आश्रय देणारा राजाच असला पाहिजे असे मात्र नाही. फेअरबँक्सला राजा नव्हता. एक बँकवाला होता आणि एक संपादक होता. तेवढे पुरले.

आणि तरी ते फार दिवस पुरले नाही, हेही सांगितले पाहिजे. मॅक्ग्राच्या आठ खेपा झाल्या. तिसरा अपघात झाल्यावर टपाल खात्याने करार थांबविला. उतरण्यास धड मैदाने नाहीत, सुटे भाग नाहीत, अशी स्थिती; खात्याचे म्हणणे अगदी चूक होते असे म्हणवत नाही. बेनने वॉशिंग्टनला खेटे घातले, उपयोग झाला नाही. तो गावी परतला. पण त्याने उघडलेले दार बंद झाले नाही. त्याच १९२४ च्या उन्हाळ्यात नोएल वीन नावाचा मिनेसोटाचा तरुण वैमानिक नोकरीवर म्हणून अलास्कात आला आणि अँकरेजहून फेअरबँक्सला प्रथमच विमान घेऊन गेला. पुढे वीन बंधूंनी तेथे मोठी कंपनी चालविली. बेनला जी नोकरी निर्माण करावी लागली, ती वीनला तयार मिळाली. अवघ्या एका वर्षाचे हे अंतर आहे.

१९२६ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधक ह्युबर्ट विल्किन्स याला ध्रुवप्रदेशात उडणारा माणूस हवा होता. त्याने बेनला बोलावून घेतले. १९२७ च्या मार्चमध्ये दोघे उत्तर महासागरावर गेले, इंजिन बिघडून बर्फावर उतरले, इंधन संपले. वादळ सरेपर्यंत विमानात बसून राहिले आणि मग कित्येक दिवस बर्फातून पायी चालत किनाऱ्याला लागले. हिमदंशाने बेनचे एक बोट गेले. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल १९२८ रोजी, हे दोघे अलास्काच्या पॉइंट बॅरोहून निघून सुमारे २,२०० मैल ध्रुवसमुद्रावरून उडत स्पिट्सबर्गेन बेटांत पोहोचले. वीस तासांहून अधिक काळ बेनच्या हाती विमान होते. विल्किन्सला इंग्लंडच्या राजाने ‘सर’ केले. त्याच वर्षाच्या अखेरीस दोघांनी दक्षिण ध्रुवखंडावरही पहिल्याने विमान उडविले.

कीर्ती मिळाली, मानाचे हारमन पारितोषिक मिळाले. अशा वेळी दुसरा कोणी शहरात स्थिरावला असता. बेन १९२९ मध्ये अलास्कात परतला आणि अलास्कन एअरवेज या नव्या कंपनीचा कारभार हाती घेतला. टपाल आणि खाणी यांचे जुनेच काम, आता भांडवलानिशी. त्या हिवाळ्यात सायबेरियाच्या उत्तर किनाऱ्यापाशी ‘नानुक’ नावाचे व्यापारी जहाज बर्फात अडकले. त्यावरची माणसे आणि मौल्यवान कातडी आणण्याचे काम कंपनीने पत्करले. पहिली खेप पार पडली. ९ नोव्हेंबर १९२९ रोजी दुसऱ्या खेपेला बेन स्वतः अर्ल बोरलंड या यंत्रज्ञासह निघाला, आणि वादळात नाहीसा झाला. शोधाला अमेरिकन वैमानिक निघाले, सोव्हिएत वैमानिकही निघाले. जानेवारी १९३० मध्ये विमानाचे अवशेष दिसले, फेब्रुवारीत बर्फाखालून दोघांचे देह मिळाले. बेनचे वय ३२ वर्षांचे होते. हॅटन येथे त्याचे दफन झाले.

आज अलास्कात त्याच्या नावाचा मोठा हवाई तळ आहे, डेनाली राष्ट्रीय उद्यानात त्याच्या नावाचे शिखर आहे. पण माझ्या मते त्याचे खरे स्मारक ते नव्हे. अलास्कातील कित्येक गावांना आजही रस्ता नाही. तेथे औषध, पत्र, भाजीपाला आणि नवा मास्तर लहान विमानातूनच येतो. ते विमान चालविणारा पुष्कळदा पहिल्याच नोकरीवरचा तरुण असतो. ज्या खुर्चीवर तो बसतो ती फेअरबँक्सच्या एका शाळामास्तराने बँकेचे दार ठोठावून मिळविली, हे त्याला ठाऊक असो वा नसो, ती खुर्ची आज रिकामी नाही.