सिमेंटचं औषध देणारा डॉक्टर

फर्स्ट इयरला मी ज्या मेसमध्ये जेवायचो तिचं नाव सांगत नाही. पण एका रविवारी फीस्टच्या वेळी स्वयंपाकघरातून एक उंदीर डौलात बाहेर आला आणि थेट श्रीखंडाच्या पातेल्यामागे गेला, एवढं सांगतो. दुसऱ्या दिवशी मेसवाल्या काकांनी पिंजरा लावला. तीन दिवसांत चार उंदीर सापडले. काका खूश, आम्हीही खूश. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच! कारण सिंकखालच्या पाइपाभोवतीचं भगदाड तसंच होतं, दाराखालची फट तशीच होती आणि कणकेची गोणी जमिनीवरच होती. पुढे कधीतरी लायब्ररीत डॉ. रूपर्ट ब्लू यांच्याबद्दल वाचलं आणि काकांचं नेमकं काय चुकत होतं ते कळलं. हा माणूस शिक्षणाने डॉक्टर, पण डोक्याने पक्का सिव्हिल इंजिनिअर!

ब्लू यांचा जन्म १८६८ चा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला. वडील वकील. थोरला भाऊ व्हिक्टर नौदलात गेला आणि युद्धात नाव कमावून बसला. रूपर्ट १८९२ मध्ये मेरीलँडमधून डॉक्टर झाले आणि सरकारी आरोग्य खात्यात लागले. हे खातं मुळात बंदरांवरच्या खलाशांसाठी होतं. धाकट्याच्या वाट्याला आले ते डास आणि उंदीर.

प्लेग म्हटला की आपल्याला १८९७ चं पुणं आठवतं, रँड आणि चाफेकर बंधू आठवतात. सोल्जर घरात घुसून सामान बाहेर काढत, माणसांना छावणीत नेत. सगळा संशय माणसावर. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं की रोग उंदराच्या अंगावरच्या पिसवेतून पसरतो. त्याच्यावर तेव्हा फारसं कोणी विश्वास ठेवला नाही.

तोच प्लेग बोटींबरोबर जगभर फिरत होता. मार्च १९०० मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये सापडला. मग तिथेही पुण्यासारखाच प्रकार. पालिकेने चिनी वस्तीभोवती दोर बांधले. गोऱ्यांना मात्र आतबाहेर करायची मुभा होती, जणू पिसवा कातडीचा रंग बघून चावतात! राज्याचे गव्हर्नर तर प्लेग नाहीच म्हणून हटून बसले, कारण व्यापार बुडेल. ज्या डॉक्टरने निदान केलं त्याचीच बदली झाली.

१९०१ मध्ये ब्लू तिथे पोचले आणि पुढे मोहिमेची सूत्रं त्यांच्याकडे आली. चिनी लोकांबद्दलचे त्या काळचे पूर्वग्रह त्यांच्याही मनात नव्हते असं म्हणता येणार नाही. चायनाटाउनमधली लाकडी वाढीव बांधकामं त्यांनी सरळ पाडायला लावली, त्यात राहणाऱ्यांचे हालच झाले असणार. पण त्याच वेळी त्यांनी तळघरांत काँक्रीटचा कोबा करून घेतला. आणि उंदीर हटले. १२१ रुग्णांची नोंद झाली, त्यातले शंभराहून अधिक गेले. पण १९०४ नंतर साथ थांबली.

एप्रिल १९०६ मध्ये भूकंप झाला. शहर पडलं, जळलं. लोक तंबूत, ढिगाऱ्यांत, जिथे जागा मिळेल तिथे राहू लागले. गटारं फुटलेली, कचरा उघडा. उंदरांची तर दिवाळीच! १९०७ मध्ये प्लेग परत आला, आणि या वेळी मुख्यतः गोऱ्यांच्या वस्त्यांत. पक्क्या विटा-काँक्रीटमध्ये नव्याने उभ्या राहणाऱ्या चायनाटाउनमध्ये रुग्ण अगदी कमी. म्हणजे दोष माणसांचा नव्हता, तळघराच्या जमिनीचा होता.

ब्लू यांना पुन्हा बोलावणं आलं. त्यांनी फिलमोर स्ट्रीटवर एक घर भाड्याने घेतलं. लोक त्याला ‘रॅटरी’ म्हणू लागले. पकडलेल्या प्रत्येक उंदराला कुठे सापडला त्याची चिठ्ठी लावायची, आधी पिसवा मारायच्या, मग फळीवर खिळे ठोकून त्याला फाडून बघायचं. रोगी उंदीर निघाला की नकाशावर ती जागा पक्की. आपण सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला कंटाळतो, पण तिथे त्या नकाशावर माणसांचे जीव अवलंबून होते.

सापळे होते, विष होतं, उंदीर आणून देणाऱ्याला पैसेही होते. पण ब्लू यांना एक गणित कळलं होतं. नुसते उंदीर मारले तर उरलेल्यांना खाणं जास्त मिळतं आणि ते भराभर वाढतात. म्हणून त्यांनी दोन गोष्टींवर जोर दिला: उंदराचं खाणं तोडा आणि त्याचं घर तोडा. तबेल्यात लाकडी जमिनीखाली उंदीर आणि वर घोड्यांचं धान्य, म्हणजे त्यांना राहून-जेवून फुकट! तिथे काँक्रीटची जमीन आणि धान्याच्या पेट्या पत्र्याने मढवलेल्या. कचऱ्याला घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे. कोंबड्यांच्या खुराड्यांना, तळघराच्या झरोक्यांना बारीक जाळी. खाटिकखान्यांत तर फळ्यांच्या फटींतून टाकाऊ मांस खाली पडायचं आणि त्यावर उंदरांची फौज पोसायची. तिथेही कडक तपासणी झाली.

खर्च दुकानदारांनी आणि घरमालकांनीच करायचा होता, त्यामुळे कुरकुर भरपूर. १९०८ च्या सुरुवातीला नागरिकांची समिती उभी राहिली. बंदराला टाळं लागेल ही भीती व्यापाऱ्यांना बरोबर समजली आणि कालपर्यंत प्लेग नाकारणारे सिमेंटच्या गोण्या मागवू लागले. सभांमागून सभा झाल्या. या फेरीत सुमारे १६० जणांना लागण झाली, जवळपास निम्मे वाचले नाहीत. पण वर्ष संपायच्या आत शहरात रोगी उंदीर सापडायचे बंद झाले.

गंमत म्हणजे त्याच सुमाराला, १९०५ पासून, आपल्या मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशन हेच तपासत होतं. त्यांनी छोट्या खोल्या बांधल्या, फरक फक्त छपराचा: साधी कौलं, मंगलोरी कौलं आणि पत्रे. छपराखाली तारेची जाळी, म्हणजे उंदीर खाली येणार नाही, पण पिसवा पडतील. आत गिनीपिग ठेवले. साध्या कौलांत उंदरांनी बिऱ्हाडं थाटली आणि खालच्या गिनीपिगांवर पिसवा पडल्या. पत्र्याखाली तसं झालं नाही. सिमाँ बरोबर होता!

१९१२ मध्ये ब्लू अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे आरोग्य खात्याचे प्रमुख झाले. १९१४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला प्लेग निघाला तेव्हा एवढ्या मोठ्या पदावरचा हा माणूस स्वतः तिथे गेला आणि इमारती उंदीर-बंद करण्याचा कायदाच शहराने केला. आज हॉटेलांच्या किचनमध्ये दाराखाली पत्र्याची पट्टी, पाइपाभोवती सिमेंट आणि झरोक्याला ६ मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी मागतात (लहान चिचुंद्रीएवढा घरउंदीर पेन्सिल जाईल अशा फटीतून घुसतो), ते त्याच वाटेवरचं काम आहे.

सगळंच त्यांना जमलं असं नाही. १९१८ च्या फ्लूत ते कमी पडले, उशिरा जागे झाले अशी टीका झाली. तो आजार श्वासातून पसरणारा, तिथे सिमेंट काय करणार? १९२० मध्ये त्यांना पुन्हा नेमलं नाही. १९४८ मध्ये चार्ल्स्टनमध्ये ते वारले.

आणि एक भोक बुजवायचं राहूनच गेलं. १९०८ मध्येच प्लेग शहराबाहेरच्या रानखारींमध्ये पोचल्याचं दिसलं होतं. मोकळ्या माळाला कोबा कोण करणार? अमेरिकेच्या पश्चिम भागात प्लेगचे थोडे रुग्ण अजूनही सापडतात.