दृष्टांतपाठकार केशिराजबास

श्रीचक्रधरस्वामींनी प्रसंगोपात्त निरूपिलेले दृष्टांत आज साधकांच्या मुखी आहेत, ते केशिराजबासांमुळे. तेराव्या शतकातील हे पंडित संस्कृतात निष्णात होते. रत्नमालास्तोत्र ही त्यांचीच रचना. स्वामींच्या चरित्रावर व वचनांवर संस्कृतात ग्रंथ रचावा, असा त्यांचा मनोदय होता. परंतु श्रीनागदेवाचार्यांना तो मान्य झाला नाही. मार्गातील म्हाताऱ्या संस्कृत जाणत नव्हत्या. स्वामींचे ज्ञान त्यांना अंतरेल, ही आचार्यांची चिंता होती.

दृष्टांतपाठ मराठीतच सिद्ध झाला. त्यात ११४ दृष्टांत असून मांडणीचा क्रम असा : आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. आंधळे हत्तीला चाचपतात. पाय धरणाऱ्यास तो खांब वाटतो, कान धरणाऱ्यास सूप. डोळस मात्र अवघा हत्ती पाहतो. एवढ्याशा गोष्टीने अंशज्ञान आणि पूर्णज्ञान यांतील भेद निरक्षर श्रोत्यासही उमगतो.

तथापि गोष्टीत रमून जो दार्ष्टांतिकापूर्वीच उठतो, त्याच्या हाती केवळ सूपच राहते. केशिराजबासांनी तिन्ही अंगे एकत्र का बांधली, याचा साधकाने नित्य विचार करावा.