गावातल्या बाईच्या हाती आरोग्य देणाऱ्या डॉ. मेबल आरोळे

जामखेड : बाळाचा डोस राहिला, घरात कुणाला ताप भरला, सुनेला कळा सुरू झाल्या, की आज गावात पहिला फोन जातो आशाताईला. आशांची योजना आली २००५ साली. पण गावातल्याच बाईला शिकवायचं आणि गावाचं आरोग्य तिच्या हाती द्यायचं, हे काम आपल्या नगर जिल्ह्यात, जामखेडला, त्याच्या तीसेक वर्षं आधी सुरू झालं होतं. ते उभं केलं डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे या नवरा-बायकोनं.

मेबल यांचा जन्म १९३५ साली जबलपूरचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्या डॉक्टर झाल्या. तिथंच नगर जिल्ह्यातल्या रजनीकांत यांची ओळख झाली आणि १९६० मध्ये दोघांचं लग्न झालं. शहरात दवाखाना थाटायचा नाही, खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं, हे दोघांनी आधीच ठरवलं होतं.

सुरुवातीची काही वर्षं दोघं नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. तिथं एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. जुलाबानं सुकलेलं पोर बरं करून घरी धाडलं, तरी महिन्या-दोन महिन्यांत तेच पोर पुन्हा दवाखान्यात. घरी तेच गढूळ पाणी, तीच उपासमार. औषधानं रोग जात होता, रोगाचं कारण घरीच राहत होतं. पुढं दोघं अमेरिकेला गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला आले.

जामखेड तेव्हा कायम दुष्काळी तालुका. लोकांना आधी हवं होतं पाणी आणि पोटाला अन्न. म्हणून आरोळे दांपत्यानं आधी तेच हाती घेतलं. बोअर घेतले आणि हातपंप बसवले ते दलित वस्तीत. पाणी तिथं म्हटल्यावर सगळं गाव हंडे-कळशा घेऊन तिथं येऊ लागलं. भाषणानं न हललेली शिवाशिव हंड्याच्या रांगेत सैल पडायला लागली.

गावात ठेवायला शिकलेल्या नर्स आणल्या, पण त्या टिकेनात. मग गावानंच निवडलेल्या बायांना शिकवायचं ठरलं. त्यातल्या कित्येक निरक्षर, कुणी दलित, कुणी नवऱ्यानं टाकलेली, तर कुणी विधवा. त्यांना घडवण्यात मेबल यांचा मोठा वाटा. दर आठवड्याला या बाया जामखेडला यायच्या, शिकायच्या, एकमेकींच्या अडचणी ऐकायच्या आणि गावी जाऊन दुसऱ्या बायांना सांगायच्या. जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, नाळ स्वच्छ पात्यानं कशी कापायची, बाळाचं वजन कसं घ्यायचं, हे सगळं. पोटुशी बाईनं कमी खाल्लं की बाळ लहान राहतं अन् बाळंतपण सोपं जातं, असा तेव्हा समज होता. तो काढायला डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा शेजारणीचा शब्द जास्त कामी आला. ज्यांना आधी उंबऱ्याच्या आत घेत नव्हते, त्यांनाच पुढं त्याच घरातून बाळंतपणाला बोलावणं यायला लागलं.

कुष्ठरोगी आणि टीबीच्या पेशंटवरही गावातच उपचार होऊ लागले. पुरुषांसाठी शेतकरी मंडळं, बायांसाठी महिला मंडळं निघाली.

फरक आकड्यांतही दिसला. १९७१ च्या सुमारास या गावांत जन्मलेल्या हजारातली १७६ बाळं वर्षाच्या आत दगावायची. वीसेक वर्षांत हा आकडा पन्नासच्याही खाली आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये पद्मभूषण. देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले आणि त्यांना शिकवायला या गावच्या बायाच उभ्या राहू लागल्या. सप्टेंबर १९९९ मध्ये मेबल यांचं निधन झालं.

आज बऱ्याच गावांत उपकेंद्राची इमारत आहे. कुठं ती बंद असते, कुठं औषध संपलेलं असतं. इमारत सरकार बांधतं, पण ती चालती ठेवायला गाव मागं लागतं. प्रत्येक गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. आपल्या गावच्या समितीत कोण आहे, बैठक कधी झाली, पैसा कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारता येतं. ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या लेकरांचे डोस झाले का, वस्तीवरच्या गरोदर बाईकडं कुणी गेलं का, हेही विचारायला हवं. आशाताई एकटीच हे विचारत असेल, तर पुढच्या ग्रामसभेत तिच्या बाजूनं चार माणसं उभी राहू द्या.