उजवा डोळा निळा, डावा पिवळा

फोटोला फिल्टर लावायला आपल्याला सेकंदही लागत नाही. क्लोद मोनेच्या डोळ्यांनाच फिल्टर लागला होता. पिवळट, आणि दरवर्षी गडद होत जाणारा.

१८४० मध्ये पॅरिसला जन्मलेला हा चित्रकार आयुष्यभर उजेडामागे धावला. शेतातल्या त्याच त्या गंजी सकाळी, संध्याकाळी, बर्फात पुन्हा पुन्हा रंगवायच्या. कारण उजेड बदलला की रंग बदलतो. १८८३ पासून तो जिव्हर्नी गावात राहिला. तिथे तळं करून घेतलं, वॉटर लिलीज लावल्या, वर जपानी धाटणीचा पूल बांधला. आणि १९१२ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी होत जातं आणि निळा रंग अडवतं. पण पठ्ठ्याने काम थांबवलं नाही. ट्यूबवरची नावं वाचून, पॅलेटवर ठरलेल्या जागी रंग ठेवून तो रंगवत राहिला. १८९९ मध्ये हिरवागार दिसणारा तोच पूल नंतरच्या चित्रांत लाल-तपकिरी जाळात गुरफटलाय, चटकन ओळखूच येत नाही! ऑपरेशनला मात्र तो घाबरायचा. शेवटी जुना मित्र, फ्रान्सचा माजी पंतप्रधान आणि स्वतः डॉक्टरकी शिकलेला जॉर्ज क्लेमांसो मागेच लागला, तेव्हा कुठे १९२३ मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

खरी गंमत इथून पुढे. तेव्हा आत बसवायचं कृत्रिम भिंग नव्हतंच. खराब भिंग काढायचं आणि जाड चष्मा द्यायचा. आपलं भिंग अतिनील किरणही अडवतं. तेच काढलं तर त्यातले काही थेट पडद्यापर्यंत पोचतात आणि निळसर-पांढरे दिसतात. म्हणजे तुम्हाआम्हाला न दिसणारा उजेड मोनेला दिसत असण्याची शक्यता आहे. मग तो खूश झाला का? छे, वैतागला! सगळं निळंच दिसतंय ही त्याची तक्रार. रंगीत काचांचे चष्मे झाले. डाव्या डोळ्याला तर त्याने हातच लावू दिला नाही. एका डोळ्याने जग निळं, दुसऱ्याने पिवळं. आता चित्रात कुठलं खरं मानायचं?

आणि वॉटर लिलीजची भव्य चित्रं तर त्याने १९१८ मध्येच देशाला देऊ केली होती. चष्मा जरा जमल्यावर तो पुन्हा त्यांच्यावर काम करू लागला. जिवंत असेपर्यंत ती हातची सोडली नाहीत. ५ डिसेंबर १९२६ ला तो गेला. मे १९२७ मध्ये पॅरिसच्या ऑरेंजरीत ती लोकांसमोर आली. दोन लंबगोल दालनांत, वरून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात.